अल्पपरिचित वाड्याचा अभ्यास : कागद आणि वास्तू

शनिवारवाडा (पायाभरणी १७३०) किंवा विश्रामबागवाडा (१८०७) यांविषयी विपुल लेखन उपलब्ध आहे. मात्र पुण्याच्या पेठांतील एखादा साधा वाडा प्रकल्पासाठी निवडणाऱ्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यास ग्रंथालयात बहुधा काहीच गवसत नाही. मग तो नगर भूमापन कार्यालयातील मिळकत पत्रिकेकडे वळतो. ती मालकीचे हस्तांतरण सांगते. बांधकामाचे वर्ष नव्हे. घराण्याकडील वाटणीपत्रे अधिक बोलकी असतात, कारण त्यांत चौक, सोपे आणि खण यांनुसार वाटे लिहिलेले आढळतात. जुनी पत्रे मोडीत असल्याने जाणकाराचे साहाय्य घ्यावेच लागते.

प्रमुख पुरावा वास्तूचाच. पण येथेच विद्यार्थी फसतात. मंगलोरी कौलांचे कारखानी उत्पादन १८६० च्या दशकात सुरू झाले, म्हणून कौलारू वाडा त्यानंतरचा, असे अनुमान काढले जाते. वस्तुतः कौले दुरुस्तीतही बदलतात. जोते, तळखडे आणि तुळयांचे सांधे त्यांहून कितीतरी जुने असू शकतात. १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुरानंतर नदीकाठच्या पेठांत झालेली पुनर्बांधणीही निराळी ओळखावी लागते. सबब मोजणी-आराखड्यात प्रत्येक भागाचा काळ स्वतंत्र दर्शवावा, आणि तोही पुनर्विकासाचे काम सुरू होण्यापूर्वी. वाडा उतरवला की त्याचे खांब व तुळया जुन्या लाकडाच्या बाजारात सुट्या विकल्या जातात.