पडीक जागेतील बाग आणि मातीतले शिसे

तुमच्या वस्तीत एखादी पडीक जागा नक्कीच असेल. जुनी इमारत केव्हातरी पाडलेली, विटामातीचे ढिगारे तसेच पडलेले, त्यांवर एरंड आणि काँग्रेस गवत माजलेले. सर्वांनी मिळून येथे भाजीपाल्याची बाग केली तर? कल्पना चांगलीच आहे. मात्र कुदळ हाती घेण्यापूर्वी एक प्रश्न विचारायला हवा. ही माती येथे कोठून आली, आणि तिच्यात काय काय मिसळले आहे?

हा प्रश्न नीट समजण्यासाठी आपण थोडा वेळ न्यूयॉर्कला जाऊ. मॅनहॅटन बेटाच्या दक्षिण भागात लोअर ईस्ट साइड ही जुनी, गजबजलेली वस्ती आहे. पूर्व युरोपातून आलेले ज्यू, युक्रेनियन, इटालियन, चिनी, आणि कॅरिबियन समुद्रातील प्वेर्तो रिको बेटावरचे स्पॅनिश बोलणारे लोक, असे सगळे तेथे शेजारी शेजारी राहत आले. १९७० नंतरच्या काळात हे शहर मोठ्या आर्थिक अडचणीत सापडले. अनेक घरमालकांनी इमारती वाऱ्यावर सोडून दिल्या. काही जळाल्या, काही पाडण्यात आल्या, आणि त्यांच्या जागी कचऱ्याने भरलेली मैदाने उरली.

१९७३ साली तेथील रहिवासी लिझ ख्रिस्टी आणि तिच्या मित्रमंडळींनी अशा जागांवर हिरवळ आणण्याचे ठरवले. त्यांनी आपल्या गटाला नाव दिले 'ग्रीन गेरिलाज'. आपल्या भाषेत म्हणायचे तर गनिमी काव्याने लढणारे हिरवे सैनिक! बंद कुंपणाच्या आत जाता येत नसे, म्हणून ते बिया आणि खत भरलेले फुगे पलीकडे फेकत. पुढे बाउरी आणि हाउस्टन या रस्त्यांच्या कोपऱ्यावरील एक जागा त्यांनी साफ केली. १९७४ मध्ये शहराच्या प्रशासनाने ती त्यांना महिना एक डॉलर भाड्याने दिली. बाहेरून माती आणून तेथे ६० उंच वाफे तयार करण्यात आले व त्यांत भाज्या लावल्या गेल्या. ही बाग आजही आहे व ती लिझ ख्रिस्टीच्याच नावाने ओळखली जाते. शहराच्या योजनेखाली आज अशा साडेपाचशेहून अधिक बागा आहेत.

वाफे उंच का केले? विटांच्या ढिगाऱ्यात मुळे जाणार कोठे, हे उघड कारण झाले. पण उंच वाफ्याचा दुसरा एक फायदा आहे आणि माझ्या मते तो पहिल्याहून मोठा आहे. ढिगाऱ्याखालच्या मातीत शिसे असू शकते, आणि उंच वाफ्यामुळे पिकाचा व त्या मातीचा संबंध तुटतो.

हे शिसे मातीत आले कोठून? पूर्वी घरांच्या तेलरंगांत शिशाचा सफेता मिसळत. (आपल्या परिचयाचा शेंदूर हेही शिशाचे ऑक्साइडच.) भिंतींचे पोपडे सुटले, इमारत पडली, की तो रंग मातीत जातो. म्हणूनच जुन्या भिंतीच्या पायथ्याशी शिसे सर्वांत जास्त असते आणि काही मीटर दूर गेले की ते झपाट्याने कमी होते. दुसरा मार्ग पेट्रोलचा. इंजिन सुरळीत चालावे म्हणून पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग घालत असत, आणि ते धुरावाटे रस्त्याकडेच्या मातीत उतरे. अमेरिकेत घरांसाठी शिसेयुक्त रंगांवर १९७८ मध्ये बंदी आली. मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोल तेथे १९९६ पासून व आपल्याकडे २००० पासून बंद झाले. पण शिसे हे मूलद्रव्य आहे. ते कुजत नाही, विरत नाही, पावसाने फारसे खालीही जात नाही. मातीच्या वरच्या थरात ते वर्षानुवर्षे तसेच बसून राहते.

नैसर्गिक मातीत दर किलोला साधारण १० ते ५० मिलिग्रॅम शिसे असते. घराभोवतीच्या मातीत किती शिसे आढळल्यास अधिक तपासणी करावी, याची अमेरिकेतील सरकारी मर्यादा पूर्वी ४०० मिलिग्रॅम होती. २०२४ मध्ये ती २०० वर आणण्यात आली. कारण लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला शिशाची अगदी थोडी मात्राही बाधते, आणि पोटात गेलेले शिसे मुलांचे शरीर मोठ्यांच्या चार ते पाच पट शोषून घेते.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. भाजी मुळांवाटे जे शिसे शोषते, त्यापेक्षा मोठा धोका धुळीचा असतो. हाताला लागलेली, पानांवर उडालेली, बुटांबरोबर घरात आलेली माती पोटात जाते. त्यामुळे सर्व भाज्यांचा धोका सारखा नसतो. टोमॅटो, मिरची, वांगी, शेंगा यांत शिसे फार कमी पोचते. पालेभाज्यांवर पावसाच्या थेंबांबरोबर माती उडते. गाजर, बीट, मुळा तर मातीतच वाढतात. तेव्हा धोका त्यांना सर्वांत जास्त.

येथे मिश्र वस्तीचा प्रश्न पुढे येतो. चिनी स्वयंपाकात पालेभाज्यांना मान. युक्रेनियन घरातील बोर्श्ट हे सार बीटशिवाय होत नाही. प्वेर्तो रिकोच्या भातात तूर लागते, होय, आपल्या वरणाचीच तूर, आणि कोथिंबीरही. तुमच्या वस्तीतही कोणाला मेथी हवी असेल, कोणाला अळू, कोणाला मुळा. वाफ्यांसाठी चिठ्ठ्या टाकल्या म्हणजे समान वाटणी झाली असे वाटेल. पण भिंतीलगतचा वाफा मुळेवालीला आणि मधला मिरचीवाल्याला गेला, तर ती वाटणी न्यायाची नव्हे. आधी माती तपासावी, मग कोणी काय लावायचे ते एकत्र बसून ठरवावे.

मातीवर उपायही करता येतात. सामू ६.५ ते ७ च्या आसपास ठेवला, तर शिसे पाण्यात कमी विरघळते. कंपोस्टमधील सेंद्रिय द्रव्य त्याला धरून ठेवते. फॉस्फेटशी संयोग होऊन त्याचे जवळजवळ न विरघळणारे संयुग बनते. वाफ्याच्या तळाशी जाड कापड अंथरून त्यावर सुमारे ३० सेंटिमीटर चांगली माती व कंपोस्ट घालतात. पण एवढ्याने काम संपत नाही. बोस्टन शहरातील बागांचा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की, उंच वाफ्यांतील शिसे चार वर्षांत दुपटीहून अधिक वाढले होते. आजूबाजूची बारीक धूळ वाऱ्याने त्यांत येऊन पडत होती! दरवर्षी वरचा ३ ते ५ सेंटिमीटरचा थर काढून नवा घालावा, असे त्या संशोधकांनी सुचवले.

तुम्हाला हे करून पाहायचे असेल तर पहिले काम वहीपेन्सिलीचे. जागेचा नकाशा काढा आणि वस्तीतील वृद्धांना विचारा, येथे पूर्वी काय होते? गॅरेज, बॅटरी दुरुस्ती, भंगाराचे दुकान? जुना छापखाना असेल तर त्याचीही नोंद करा, कारण खिळे शिशाच्या मिश्रधातूचे असत. मग नकाशातील प्रत्येक भागात आठ-दहा ठिकाणची वरची १५ सेंटिमीटर माती घेऊन ती एकत्र करा, सावलीत वाळवा आणि अर्धा किलो नमुना प्रयोगशाळेत द्या. भागागणिक पिशवी वेगळी हवी, आणि माती हाताळल्यावर हात साबणाने धुवा. येथे शिक्षकांनी एक लक्षात ठेवावे. आपल्या जमीन आरोग्य पत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाश, सामू असे १२ घटक असतात, परंतु त्यांत शिसे नाही. ती तपासणी वेगळी मागावी लागते.

ज्या भागाचा आकडा जास्त येईल तेथे भाजी लावू नका. तेथे फुलझाडे लावा, बाके मांडा, आणि माती कोठेही उघडी राहणार नाही इतका पालापाचोळा पसरा.