तळपायावरचा काळा डाग

पायात काटा रुतणे, अंगठ्याला ठेच लागणे, नख काळे पडणे हे दिंडोरी परिसरात शेतात आणि द्राक्षबागेत राबणाऱ्यांना नित्याचेच. आपण त्याकडे फारसे पाहत नाही. परंतु क्वचित एखादा काळा डाग निराळा असतो. तो ओळखता यावा, यासाठी हा लेखनप्रपंच.

त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग म्हणजे मेलॅनोमा. सावळ्या वर्णाचे रंगद्रव्य उन्हापासून बरेच रक्षण करते, म्हणून आपल्याकडे हा रोग दुर्मीळ आहे. मात्र होतो तेव्हा तो बहुधा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो आणि तेथे उन्हाचा फारसा संबंध नसतो. जमैकाचे गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्याला १९७७ साली हाच रोग आढळला. १९८१ मध्ये, वयाच्या अवघ्या ३६व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

डागाचे दोन भाग असमान असणे, कडा वेड्यावाकड्या, रंगात अनेक छटा, ६ मिलिमीटरपेक्षा मोठा आकार आणि दिवसेंदिवस होणारा बदल ही धोक्याची लक्षणे होत. मार लागून नखाखाली साकळलेले रक्त नखाबरोबर पुढे सरकत निघून जाते. मेलॅनोमाचा पट्टा मात्र टिकून राहतो, रुंदावतो, कधी नखालगतच्या त्वचेवरही उतरतो. आरंभी तो दुखत नाही, आणि हीच त्याची फसवणूक आहे.

अशा डागावर बिब्बा लावू नये, तो जाळू वा ब्लेडने कापू नये. डॉक्टर शक्यतो संपूर्ण डाग काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. या तपासणीने रोग पसरतो, ही भीती निराधार आहे. मेलॅनोमा त्वचेत किती खोल गेला, यावर पुढील उपचार ठरतात. जाडी १ मिलिमीटरपर्यंत असल्यास भोवतालची साधारण १ सेंटीमीटर निरोगी त्वचाही काढतात. २ मिलिमीटरहून अधिक असल्यास २ सेंटीमीटर. गरजेनुसार जवळच्या लसिकाग्रंथी तपासतात. रोग पसरला असल्यास प्रतिकारशक्तीला बळ देणारी औषधे आज उपलब्ध आहेत; तथापि लवकर केलेल्या छोट्या शस्त्रक्रियेची सर त्यांना नाही.

शंका आल्यास नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात किंवा त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कर्करुग्णांची सेवा करीत आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे.

वसतिगृहाने आपल्याला रात्री पाय धुऊन झोपण्याची सवय लावली. त्या सवयीत आता एवढीच भर घालू या: महिन्यातून एकदा आपले तळपाय उजेडात नीट पाहावेत, आणि घरातील वडीलधाऱ्यांचेही.