सुजलेला कान आणि तेलाची वाटी

बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर काय किंवा घाटाखाली काय, कान सुजून ठणकू लागला की पहिला उपाय घरातच होतो : लसणाची पाकळी तळलेले कोमट तेल कानात सोडले जाते आणि बाहेरून हळद-चुन्याचा लेप दिला जातो. या उपायामागे दोन समजुती असतात. कानाची सूज हा एकच विकार आहे, ही पहिली आणि त्यावर तेल घालावे असे आयुर्वेदच सांगतो, ही दुसरी. आधुनिक वैद्यकाला तर त्या मान्य नाहीतच, पण आयुर्वेदाचे जुने ग्रंथ उघडले तर तेथेही त्यांना पुरेसा आधार सापडत नाही.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे 28 रोग मोजले आहेत. त्यांत शोफ म्हणजे सूज चार प्रकारची, विद्रधी म्हणजे गळू दोन प्रकारचे (एक दोषांमुळे होणारे, दुसरे इजेमुळे होणारे) आणि कर्णपाक म्हणजे कान पिकणे हा आणखी वेगळा रोग मानला आहे. कानाच्या पाळीचे विकार तर या यादीतही नाहीत. त्यांचा विचार चिकित्सास्थानात स्वतंत्रपणे येतो. सूज कोठे आली आणि कशामुळे आली हे ठरल्याशिवाय उपचार ठरत नाही, ही या वर्गीकरणामागची भूमिका आहे आणि कान-नाक-घसा तज्ज्ञही आज याच भूमिकेवरून तपासणीला सुरुवात करतात.

बाहेरच्या छिद्रापासून पडद्यापर्यंतची कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब असते. केस आणि मळ तयार करणाऱ्या ग्रंथी तिच्या बाहेरच्या भागातच असल्याने केसतूड तेथेच होते, आणि त्या जागेची त्वचा खालच्या कूर्चेला घट्ट चिकटलेली असल्याने फुगायला वाव न मिळून ज्वारीच्या दाण्याएवढ्या सुजेनेही माणूस रात्रभर तळमळतो. छिद्रासमोर गालाच्या बाजूला जो लहानसा उंचवटा असतो तो दाबल्यावर कळ आली, तर दुखणे बहुधा नळीतले असते. सर्दी-तापासोबत कान आतून ठणकतो पण उंचवटा दाबून फारसे दुखत नाही, तेव्हा पडद्यामागच्या मध्यकर्णाचा संशय घ्यावा लागतो. या दोन दुखण्यांना एकच तेल कसे लागू पडेल?

कानात कोमट औषधी तेल भरण्याचा कर्णपूरण हा विधी आयुर्वेदात आहे, हे खरे. मात्र वाहणाऱ्या कानासाठी सुश्रुताने पूरणाबरोबरच धावन म्हणजे धुणे, प्रमार्जन म्हणजे पुसून स्वच्छ करणे आणि धूपन म्हणजे धुरी देणे हेही सांगितले आहे. घरगुती उपचाराने त्यातले पूरण तेवढे उचलले आणि पुसणे सोडून दिले. आजच्या उपचारातही वाहता कान कापसाच्या वातीने टिपून कोरडा ठेवणे हाच पाया आहे. पडद्याला भोक असेल तर वरून घातलेले तेल थेट मध्यकर्णात उतरते. उन्हाळ्यात विहिरीत डुंबणाऱ्या मुलांच्या ओलसर कानात, किंवा पावसाळ्याच्या दमट हवेत, तेलकट नळी म्हणजे बुरशीला आयती जागा. तेथे भिजलेल्या टीपकागदासारखा पांढरट लगदा आणि त्यावर काळे ठिपके दिसतात, आणि घरचे लोक त्याला मळ समजून काडीने कोरत बसतात.

कान टोचण्याबाबतचा गैरसमज अधिक बारकाईने पाहण्यासारखा आहे. सोन्याची तार असली की कान पिकत नाही आणि खोट्या दागिन्याने हमखास पिकतो, असे सर्रास मानले जाते. यात अर्धे तथ्य आहे. स्वस्त दागिन्यातल्या निकेलमुळे पाळीला खाज सुटते, ती सुजते आणि पाझरते. पण ती अॅलर्जी असते, जंतुसंसर्ग नव्हे. जंतू येतात ते सुईवरून आणि हातांवरून, आणि त्यांना सोन्या-पितळेचा भेद कळत नाही. त्याहून महत्त्वाची आहे ती टोचण्याची जागा. सुश्रुताने सहाव्या किंवा सातव्या महिन्यात, पाळी उन्हात धरून जेथून उजेड पार दिसतो अशा ठिकाणी टोचायला सांगितले आहे आणि जागा चुकली तर सूज, ताप, मान आखडणे, इतकेच नव्हे तर अपतानक म्हणजे झटक्यांचा विकारही होतो, असा इशारा दिला आहे; या वर्णनात आजच्या वाचकाला धनुर्वात आठवल्याशिवाय राहत नाही. हल्ली पाळीऐवजी कानाच्या वरच्या कडेला टोचण्याची हौस वाढली आहे. तेथे कूर्चा असते, कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, ती वरच्या आवरणातून पोसली जाते. स्युडोमोनास जंतूंमुळे दोहोंमध्ये पू साचला की कूर्चा मरते आणि कान कायमचा चुरगळतो. अशा संसर्गात सगळा कान लालभडक होतो, पण कूर्चा नसलेली पाळी तेवढी शाबूत राहते. पहिलवानाचा कान मोडतो तोही याच रीतीने, फक्त पुवाऐवजी साकळलेल्या रक्तामुळे.

वैद्याकडे गेले की लेपच मिळतो, चिरा देणे हे केवळ डॉक्टरांचे काम, हाही समज टिकत नाही. सुश्रुताने सुजेच्या आम, पच्यमान आणि पक्व म्हणजे कच्ची, पिकत असलेली आणि पिकलेली अशा तीन अवस्था सांगून कच्ची सूज फाडणारा आणि पिकलेली तशीच सोडणारा, दोन्ही वैद्यांना सारखेच दोषी ठरवले आहे. दुखऱ्या, पिकू लागलेल्या कानावर हळद-चुना थापून आठवडा काढणे आयुर्वेदाच्या नावावर खपवता येणार नाही.

उरते ती कानाखालची आणि कानामागची सूज. पाळीच्या खाली आणि पुढे येऊन पाळीला वर उचलणारी सूज बहुधा गालगुंडाची असते. ती लाळग्रंथीची सूज आहे, विषाणूमुळे होते आणि कानात घातलेले तेल तिच्यापर्यंत पोहोचतही नाही. चरकसंहितेने सन्निपात ज्वराच्या शेवटी कानाच्या मुळाशी येणारी सूज क्वचितच कोणाला सोडते असे म्हटले आहे. दीर्घ आजाराने सुकलेल्या रुग्णाच्या लाळग्रंथीत पू होण्याच्या विकाराशी हे वर्णन जुळते; 1881 साली गोळी लागून अंथरुणाला खिळलेल्या अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांनाही शेवटच्या आठवड्यांत ही सूज आली होती.

सर्वांत घातक समजूत मात्र वेगळीच आहे : फुटलेला कान वाहू द्यावा, औषधाने पू आटवला तर तो मेंदूत जातो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. उपचाराविना वर्षानुवर्षे वाहणाऱ्या, दुर्गंधी येणाऱ्या कानातला रोगच हाड पोखरत मेंदूपर्यंत जाऊ शकतो. मधुमेही वृद्धाच्या कानात रात्री झोपू न देणारे दुखणे बसले असेल, किंवा कान वाहणाऱ्या मुलाच्या कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलल्यासारखा दिसत असेल, तर तेलाची वाटी बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.