ग्राइंडरचा गार्ड का निघतो

चार इंची ग्राइंडर फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये असतो, फरशी बसवणाऱ्याच्या पिशवीत असतो, आणि आता अनेक घरांतही आला आहे. त्याच्या चकतीवरचे अर्धगोल लोखंडी आवरण, म्हणजे गार्ड, मात्र बऱ्याच ठिकाणी जागेवर नसते. अपघात झाला की कामगाराच्या निष्काळजीपणाकडे बोट दाखवून विषय मिटवला जातो. हे निदान मला अपुरे वाटते. बहुतेकदा गार्ड निघतो, कारण हातातले काम त्या यंत्राचे नसते किंवा त्या कामाला पुरेसा वेळ दिलेला नसतो. आणि यंत्र कोणते आणायचे, वेळ किती द्यायचा, हे चालवणारा क्वचितच ठरवतो.

ही चकती मिनिटाला सुमारे 11,000 फेरे घेते. शंभर मिलिमीटरच्या चकतीची कड त्या वेळी सेकंदाला जवळजवळ 58 मीटर, म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असते. लोखंड कापायच्या चकत्या रेझिनने बांधलेल्या असतात, आत काचतंतूंची जाळी असते आणि साधारणपणे सेकंदाला 80 मीटरपर्यंतचा वेग त्या सोसतात. आता गार्ड काढून, भोक जुळवायला बुश घालून, त्याच यंत्रावर सात इंची चकती चढवली तर? तिच्यावर छापलेली मर्यादा सुमारे 8,500 फेऱ्यांची असते. यंत्र मात्र आपल्याच वेगाने फिरते, कड सेकंदाला शंभर मीटरच्या पुढे जाते, आणि चकतीला फाडू पाहणारा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने तो मर्यादेच्या दीडपटीहून जास्त होतो. गार्ड जागेवर असता तर ही चकती बसलीच नसती. फुटलेले तुकडे अडवण्याइतकेच चुकीची चकती अडवणे हेही त्याचे काम आहे, हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

लाकडाच्या बाबतीत धोका आणखी वाढतो. ग्राइंडरवर दातेरी ब्लेड लावून प्लाय किंवा फळी कापणे सर्रास चालते. लाकूड कापण्यासाठी बनवलेल्या सर्क्युलर सॉला टेकायला सपाट पाया असतो आणि काप संपताच ब्लेडवर आपोआप येणारे खालचे झाकण असते. ग्राइंडरला यातले काहीच नाही. गाठीत दात अडकला की यंत्र झटक्याने उलट फेकले जाते आणि चालवणाऱ्याच्या मनगटाकडे, मांडीकडे किंवा मानेकडे येते. त्यामुळे या यंत्रावर लाकडाचे ब्लेड लावू नये, असे माहितीपत्रकांतच लिहिलेले असते. तरीही ते लागते, कारण साइटवर एकच यंत्र आणलेले असते.

यावर अनुभवी कारागीर म्हणतात, हात बसलेल्याला गार्ड लागत नाही. त्यांच्या कौशल्याबद्दल मला आदर आहे, पण इथे कौशल्याला वेळच मिळत नाही. धोका जाणवून हात हलायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यात चकतीचे पंचेचाळीसेक फेरे झालेले असतात. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: कोपऱ्यात गार्ड आड येतो. येतोच. पण तो सैल करून फिरवता येतो, आणि तरीही जागा पुरत नसेल तर तिथे कानस किंवा हॅक्सॉ वापरावा. त्याला वेळ जास्त लागतो, हे मान्य.

देखभालीचेही असेच आहे. रेझिनच्या चकतीच्या मधल्या धातूच्या कडीवर मुदतीची तारीख असते, सहसा बनवल्यापासून तीन वर्षांची. ओल लागली की रेझिन त्याआधीही कमकुवत होते. ओल्या वाळूशेजारी किंवा सिमेंटच्या गोणीखाली ठेवलेली चकती वरून धडधाकट दिसली तरी भरवशाची नसते. झिजलेले कार्बन ब्रश ठिणग्या टाकू लागले की बदलायचे, वायर सोललेली असेल तर चिकटपट्टी न गुंडाळता नवी घालायची, आणि चकती बदलण्याआधी प्लग काढायचा. फरशी किंवा ग्रॅनाइट कापताना उडणाऱ्या सिलिकाच्या धुळीने सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. पाणी सोडून कापले तर धूळ बरीच बसते. पण त्यासाठी पाण्याची सोय असलेला कटर हवा आणि बोर्डावर विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. हे दोन्ही आणणे रोजंदारीवर आलेल्या माणसाचे काम नाही.

फिरत्या भागांवर आवरण असलेच पाहिजे, ही सक्ती 1948 च्या कारखाना अधिनियमाच्या 21 व्या कलमातच होती. पण दोन-तीन माणसांची वर्कशॉप आणि घरांची दुरुस्ती त्या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिली. तिथे नियमाची जागा दराने घेतली आहे: फरशीचा दर चौरस फुटावर, ग्रिलचा किलोवर. अशा दरात सावकाश कापणाऱ्याचे थेट नुकसान होते. काम महाग झाले तर गिऱ्हाईक जाईल, ही ठेकेदाराची भीती खोटी नाही. म्हणूनच घरमालकाने दर ठरवतानाच पाण्याचा कटर, लाकडासाठी वेगळी करवत आणि गार्डसह काम यांचे पैसे त्यात धरायला सांगावेत, आणि पहिल्याच दिवशी साइटवर आलेली यंत्रे स्वतः पाहून घ्यावीत.