सरत्या वर्षाच्या बातम्या : २०२४ कडे पाहताना

मंडळी, वर्षाचा आढावा म्हटला की यादी तयारच असते. बांगलादेशातून शेख हसीना ५ ऑगस्टला निघून गेल्या, अमेरिकेत ट्रम्प पुन्हा निवडून आले, ८ डिसेंबरला सीरियात असद यांची राजवट कोसळली. आपल्याकडे आधी लोकसभा झाली, मग विधानसभा. ही यादी तुम्ही टीव्हीवर चार वेळा पाहिली असेल. ती परत वाचून दाखवण्यात काही हशील नाही. आज आपण एवढंच बघू, की ‘बातमी कळली’ असं म्हणतो तेव्हा आपल्याला नेमकं काय कळलेलं असतं? आणि उदाहरणं शक्यतो कळंबोलीतूनच घेऊ. इथे लोखंड बाजार आहे, ट्रक आहेत, न्हावा शेवा बंदर जवळ आहे. जग इथे ट्रकमध्ये बसून येतं.

वर्षाची सुरुवातच ट्रकने झाली. १ आणि २ जानेवारीला देशभर चालकांनी गाड्या उभ्या केल्या, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. निमित्त होतं भारतीय न्याय संहितेतलं कलम १०६(२). अपघात करून, न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैद. जुन्या कलमात कमाल शिक्षा दोन वर्षांची होती. पण लोकांच्या तोंडी आणखी एक आकडा होता, सात लाख रुपये दंड. आता गंमत बघा, कलमात दंड आहे, पण सात लाख हा आकडा कुठेही नाही. मग सुशिक्षित मंडळींनी लगेच निकाल दिला, की हे चालक अफवेला बळी पडले. इथे थांबायला हवं. आकडा खोटा होता, पण भीती खोटी होती का? अपघाताच्या जागी थांबलेल्या चालकाला जमाव काय करतो, हे आपण सगळे जाणतो. पळालो तर कायदा, थांबलो तर जमाव, अशा कात्रीत सापडलेला माणूस चुकीच्या आकड्यानिशी खरं गाऱ्हाणं मांडत होता. तर्कशास्त्र शिकवताना आम्ही विधान आणि विधानामागचं कारण वेगळं करायला सांगतो, ते यासाठीच.

पुढे काय झालं? १ जुलैला नवे कायदे लागू झाले, तेव्हा हे पोटकलम वगळून लागू झाले. ते स्थगितच आहे. किती जणांना माहीत आहे? संपाची बातमी पहिल्या पानावर होती, तिचा शेवट कुठल्या तरी कोपऱ्यात गेला.

आता समुद्राकडे वळू. नोव्हेंबर २०२३ मध्ये येमेनच्या हुती बंडखोरांनी तांबड्या समुद्रात ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज पळवलं. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी सुएझचा रस्ता सोडून आफ्रिकेला वळसा घातला. म्हणजे दहा ते चौदा दिवस जास्त. नाशिकची द्राक्षं याच न्हावा शेव्यातून युरोपला जातात, आणि द्राक्षाला दहा दिवस म्हणजे काय, हे बागायतदाराला विचारा. मार्चमध्ये ‘आयएनएस कोलकाता’ने ३५ समुद्री चाचे मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले. १३ एप्रिलला इराणने ‘एमएससी एरीज’ ताब्यात घेतलं. ते जहाज न्हावा शेव्याकडेच निघालं होतं, आणि त्यावरच्या २५ खलाशांपैकी १७ भारतीय होते. ‘गॅलेक्सी लीडर’चे खलाशी मात्र २०२४ संपतानाही सुटलेले नव्हते.

काही बातम्यांना तर तारीखच नसते. चीनमध्ये घरबांधणी मंदावली, तिथलं जादा पोलाद स्वस्तात बाहेर पडलं, आणि २०२३-२४ मध्ये भारत तयार पोलादाचा निव्वळ आयातदार झाला. हे टीव्हीवर फारसं आलं नाही, पण लोखंड बाजारात भावातून कळलं.

तेव्हा एक कसोटी सुचते. कोणतीही बातमी ऐकली की विचारावं, ही आपल्या दारापर्यंत कोणत्या रस्त्याने येते? कसोटी उपयोगी आहे, पण पुरी पडत नाही. ॲडम स्मिथने एक उदाहरण दिलं होतं. चीन भूकंपात गडप झाला असं ऐकून युरोपातला भला माणूस हळहळेल आणि शांत झोपेल. उद्या आपली करंगळी जाणार म्हटलं, तर मात्र त्याला रात्रभर झोप लागणार नाही. लोक एवढंच सांगतात आणि थांबतात. स्मिथ पुढे विचारतो, की मग करंगळी वाचवायला तो लाखोंचा बळी देईल का? नाही देणार. भावना करंगळीपाशी थांबली, तरी बुद्धी तिथे थांबत नाही.

आता सुदान घ्या. एप्रिल २०२३ पासून तिथे लष्कर आणि निमलष्करी दलाची लढाई चालू आहे. एक कोटीहून अधिक माणसं घराबाहेर पडली. ऑगस्ट २०२४ मध्ये दारफुरच्या झमझम छावणीत दुष्काळ असल्याचं अधिकृतपणे सांगितलं गेलं. आपल्या कसोटीला सुदान उतरत नाही, त्याच्यामुळे कळंबोलीत भाव हलला नाही. पण नकाशा उघडून बघा. लष्करी सरकार खार्टूम सोडून ज्या पोर्ट सुदानमध्ये जाऊन बसलं होतं, ते याच तांबड्या समुद्रावरचं बंदर. त्या समुद्रातल्या जहाजांचं भाडं किती वाढलं, हे वर्षभर आपल्या कानावर होतं. झमझमचं नाव आज इथे किती जणांनी पहिल्यांदा ऐकलं? हात वर करा, आणि मग प्रश्नांकडे वळू.