बोटभर मावळ्याचं रंगकाम

दसरा सरला की साताऱ्यात राजवाड्याच्या आसपास आणि सांगलीत मारुती चौकाकडे किल्ल्याची चित्रं, म्हणजे किल्ल्यावर ठेवायच्या माती-प्लास्टरच्या छोट्या मूर्ती, विकायला मांडली जातात. सिंहासनावरचे शिवाजी महाराज, भालदार, तोफेला बत्ती देणारा गोलंदाज, तुतारीवाला, घागर घेतलेली गवळण, आणि गुहेसाठी वाघ. किल्ल्यासाठी दगड-विटांवर गोणपाट टाकून चिखल थापायचा, हळीव पेरायचं, हिरवळ उगवेपर्यंत चित्रं जमवायची, हा दोन्ही गावांतल्या पोरांचा दिवाळीआधीचा उद्योग. साताऱ्याच्या पोराला नमुनाही शोधावा लागत नाही. मान वर केली की अजिंक्यतारा दिसतो.

हल्ली ही चित्रं रंगवलेलीच घरी येतात. माझं म्हणणं, त्यातली दोन-चार तरी कोरी आणावीत. कुंभाराला आधी सांगून ठेवलं तर मिळतात. लहान आकृती रंगवायला शिकायची असेल, तर किल्ल्यावरच्या मावळ्याइतका चांगला गुरू नाही. तो स्वस्त असतो, बिघडला तर तटामागं उभा करता येतो, आणि कातडी, कापड, लोखंड, चामडं असं शिकण्यासारखं सगळं त्याच्या अंगावर असतं.

माती असो की प्लास्टर, दोन्ही पाणी पितात. थेट रंग लावला तर तो आत शोषला जातो आणि डाग पडतात. म्हणून आधी पांढऱ्याचं अस्तर, तेही पातळ. नवशिक्याचा हात इथंच जड पडतो. जाड अस्तर बोटांच्या फटी आणि पागोट्याचे पेच बुजवून टाकतं, आणि साच्यानं दिलेलं बारीक काम रंगाखाली जातं. दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा नेहमी बरे.

घरात बहुधा पोस्टर कलर असतात. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये सुरू केलेल्या कॅमलिननं ते महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचवले. या रंगांची एक खोड आहे. वाळल्यावरही ते पाण्यानं सुटतात, त्यामुळे वरचा ओला हात खालचा रंग उचलून आणतो. ॲक्रिलिक रंग वाळल्यावर सुटत नाहीत, म्हणून शिकताना तेच घ्यावेत.

चेहऱ्याला बाजारात सर्रास गुलाबी लावतात. मला ते पटत नाही. उन्हातान्हात डोंगर चढणाऱ्या माणसाचा रंग गेरू, पिवळी माती आणि थोडा पांढरा यांतून येतो. नाकाच्या शेंड्यावर आणि गालांच्या उंचवट्यावर त्याच रंगात किंचित पांढरा घालून एक टिपका द्यावा, चेहरा लगेच उठतो.

आता डोळे. गणपती रंगवणारे कारागीर डोळ्यांची आखणी अगदी शेवटी करतात. परदेशात छोटे शिपाई रंगवण्याचा छंद जुना आहे. विल्यम ब्रिटन कंपनीनं १८९३ मध्ये पोकळ शिशाचे शिपाई बाजारात आणले, एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये अशा शिपायांच्या लढाईच्या खेळावर पुस्तकच लिहिलं, आणि आज २८ मिलिमीटरच्या आकृत्या मोठी माणसं तासन्‌तास रंगवत बसतात. त्यांच्यातले बरेचजण मात्र डोळे आधी उरकतात. रेघ घसरली तर कातडीच्या रंगानं झाकता येते, आणि पागोटं, दाढी अजून कोरीच असल्यामुळे दुसरं काही बिघडत नाही. आखणी शेवटी ठेवायला वर्षानुवर्षांचा बसलेला हात लागतो. शिकणाऱ्यानं चेहरा वाळला की लगेच डोळे घ्यावेत.

पांढरा लंबगोल काढून मध्ये काळा ठिपका ठेवला की मावळा दचकल्यासारखा दिसतो. त्याऐवजी आधी गडद तपकिरी आडवी रेघ ओढायची. तिच्या आत पांढऱ्याचे दोन कण, मध्ये बुबुळ. बुबुळ वरच्या पापणीला चिकटलेलं हवं. जो डोळा आपल्या हाताला अवघड पडतो तो आधी काढावा, सोपा मग त्याच्याशी जुळवता येतो. मनगट टेबलावर टेकवायचं, श्वास सोडताना रेघ ओढायची. शून्य नंबरचा ब्रश पुरतो, फक्त त्याचं टोक शाबूत हवं.

अंगरख्याला एकच सपाट रंग दिला की चित्र मुकं राहतं. पाणी भरपूर घातलेला तपकिरी वरून सोडला की तो चुण्यांत जाऊन बसतो आणि सावली आपोआप पडते. तो वाळल्यावर ब्रश कागदावर पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि फिकट रंगानं चुण्यांच्या कडांवरून हलकेच फिरवायचा. किल्ला आपण उभ्यानं, दोन-तीन हातांवरून पाहतो. तिथून अंगरख्याचे बंद दिसत नाहीत, सावली दिसते. म्हणून माझ्या मते सगळा वेळ चेहऱ्याला आणि चुण्यांना द्यावा, पाठीला नुसता हात फिरवला तरी चालतं.

याच्यापुढचं शिकायचं तर सातारा जिल्ह्यातलंच औंध गाठावं. स्वतः चित्रकार असलेल्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये तिथं श्रीभवानी संग्रहालय उघडलं. लोक हेन्री मूरचं आई-मुलाचं शिल्प पाहायला जातात. आपण लघुचित्रांपुढं थांबावं. जुने चित्रकार खारीच्या शेपटीच्या केसांचा ब्रश वापरत. गालाची गोलाई ते सपाट सावलीनं आणत नसत, बारीक ठिपक्या-रेघांचे थर चढवत; याला परदाज म्हणतात. मावळ्याच्या गालावर तीन ठिपके देऊन पाहिले तरी त्यातली मेहनत कळते.

क्रम ठेवायचा तर आधी वाघ घ्यावा, कारण पट्टे चुकले तरी तो वाघच राहतो. मग पहारेकरी, मग लुगड्याच्या काठासाठी गवळण. सिंहासनावरचे महाराज सगळ्यांत शेवटी. शिवकाळाच्या आसपासची त्यांची चित्रं ॲमस्टरडॅम आणि लंडनच्या संग्रहालयांत आहेत आणि छापील पुस्तकांतून सहज बघायला मिळतात. धारदार नाक, निमुळती दाढी, पागोट्याचा तुरा नीट पाहून घ्यावा, आणि मगच ब्रश भिजवावा.