घरचा पडदा, घरचा कॅमेरा

तंजावरचं मराठी राज्य म्हटलं की सरफोजीराजे, सरस्वती महाल आणि बृहदीश्वराच्या भिंतीवरचा लांबलचक मराठी शिलालेख एवढ्यावर आपलं बोलणं थांबतं. कावेरीच्या पाण्यावर पिकणाऱ्या भातगावांतून फिरणाऱ्या आणखी एका मराठी बोलणाऱ्या जमातीकडे फार कमी जणांचं लक्ष गेलं आहे. ही मंडिगरांची जमात. कातड्याच्या बाहुल्या पडद्यामागे नाचवून रामायण दाखवणं हा तिचा धंदा. तमिळ लोक या खेळाला तोलपावैक्कूत्तु म्हणतात. खेळाची भाषा तमिळ, पण चुलीपाशी बोलणं मराठीच्या एका बोलीत. आपले पूर्वज मराठी राजांच्या काळात तंजावरात आले आणि राजाश्रय गेल्यावर दक्षिणेकडे पांगले, असं ही माणसं सांगत आली आहेत. आज त्यांची घरं मदुराई, कन्याकुमारी अशा भागांत आहेत.

घरच्या घरी चित्रीकरणाचं साहित्य करण्याबद्दल लिहायचं तर मला सुरुवात इथूनच करावीशी वाटते. हलतं चित्र दाखवायला जे जे लागतं ते सगळं या कुटुंबांनी स्वतः केलं. बकऱ्याचं कातडं आणायचं, भिजवून त्याचे केस खरवडायचे, ताणून वाळवायचं. कातडं इतकं पातळ झालं पाहिजे की त्यातून उजेड आरपार गेला पाहिजे. मग त्यावर आकृती काढायची, छिन्न्यांनी बारीक भोकं पाडायची, दोन्ही बाजूंनी रंग भरायचे आणि उभी चिरलेली बांबूची काठी मधोमध बसवायची. सीतेच्या गळ्यातला हार पडद्यावर चमकतो तो या भोकांमुळे. तिथे रंग नसतो, नुसता दिव्याचा उजेड असतो.

पडदा म्हणजे पांढरं सुती कापड. त्याच्याभोवती बांबू आणि चटयांचा आडोसा. मागे दिवा, पूर्वी तेलाचा आणि नंतर विजेचा. बाहुली कापडाला टेकवली की रेघन्‌रेघ स्पष्ट दिसते. दिव्याकडे मागे ओढली की ती मोठी आणि धूसर होते. राक्षस अंगावर आल्यासारखा वाटावा किंवा एखादं पात्र विरून जावं, असं हवं असेल तर हाताचं अंतर बदलायचं. कॅमेरावाले ज्याला फोकस म्हणतात तो इथे खेळगड्याच्या मनगटात असतो. हा एकच माणूस सगळ्या पात्रांचे आवाजही काढतो. बाहुली फाटली तर तोच शिवतो, दिवा बिघडला तर तोच नीट करतो. साहित्य स्वस्त होतं हे खरं, पण मला मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. त्यातला प्रत्येक भाग काय काम करतो हे ते वापरणाऱ्याला ठाऊक होतं.

हेच कोल्हापुरात घडलं, आणि तिथे प्रश्न कितीतरी अवघड होता. दादासाहेब फाळके १९१२मध्ये लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. त्यासाठी त्यांना विम्याची पॉलिसी गहाण टाकावी लागली. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे कोल्हापूरचे आतेमामे भाऊ, नाटकांचे पडदे रंगवणारे आणि म्हणून पेंटर म्हणवले जाणारे. लंडनला जाण्याची त्यांची ऐपत नव्हती. त्यांनी एक जुना प्रोजेक्टर मिळवला आणि त्याच्या आत डोकावून पाहिलं.

ही कल्पना किती शहाणपणाची होती ते यंत्राच्या रचनेवरून कळतं. प्रोजेक्टर आणि कॅमेरा यांचं पोट एकच. दोन्हींत फिल्मची पट्टी अखंड सरकत नाही. ती एका चौकोनी खिडकीपुढे क्षणभर थांबते, झडप उघडते, मिटते, मग एक आकडा पट्टीच्या कडेच्या भोकांत अडकतो आणि तिला बरोबर एक चौकट पुढे ओढतो. ३५ मिलिमीटर फिल्ममध्ये एका चौकटीला चार भोकं. मूकपटाच्या काळात हे सेकंदाला साधारण सोळा वेळा व्हायचं. फरक असा की कॅमेऱ्याच्या पेटीत उजेडाचा एक थेंबही शिरता कामा नये, आणि ओढण्यात केसाइतकी चूक झाली तरी चित्र पडद्यावर थरथरतं. म्हणजे ज्याला प्रोजेक्टर खरोखर समजला त्याला कॅमेऱ्याचा निम्मा रस्ता सापडला. उरलेला निम्मा लेथवर, कानशीने घासून पुरा करायचा.

तो पुरा होण्याआधीच, १९१६मध्ये, आनंदराव गेले. बाबूरावांनी काम सोडलं नाही. त्यांचे शिष्य विष्णुपंत दामले यांच्या मदतीने १९१८च्या सुमारास कॅमेरा तयार झाला. गायिका तानीबाई कागलकर यांनी पैसा पुरवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२०मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. आपल्या चित्रपटाच्या इतिहासात या कॅमेऱ्याला दोन ओळी मिळतात याचं मला फार वाईट वाटतं. त्या पेटीतून चित्रपट तर निघालाच, पण तिच्यावर एक पिढी घडली. दामले पुढे ‘प्रभात’ फिल्म कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले, बोलपट आल्यावर त्यांनी तिथला ध्वनिविभाग सांभाळला आणि फत्तेलाल यांच्याबरोबर १९३६मध्ये ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. यंत्र उघडून पाहायला न भिणारा माणूस आवाजाच्या नव्या यंत्रालाही भ्याला नाही.

व्हिडिओ आल्यावर ही वाट मालेगावात पुन्हा उजळली. यंत्रमागांच्या या गावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २०००मध्ये ‘मालेगाव के शोले’ काढला. पात्रं गावातली, बरीचशी यंत्रमागावर राबणारी. चित्रपटाला ट्रॉली लागते, इथे सायकल आली. क्रेन लागते, बैलगाडी आली. फैज़ा अहमद ख़ान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या २००८च्या माहितीपटात असाच खटाटोप दिसतो. पाहणारे त्यावर हसतात. माझ्या मते त्यात हसण्यासारखं काही नाही. ट्रॉलीचं काम एवढंच की कॅमेरा धक्का न बसता सरळ रेषेत सरकावा, आणि हवा भरलेल्या टायरवर सपाट जागी ते साधतं. दोन चाकांच्या बैलगाडीचा कणा हा तरफेचा आयता टेकू आहे. एका टोकाला भार द्या, दुसरं टोक वर जातं. बाजारातल्या क्रेनमध्येही हेच तत्त्व असतं. मालेगावकरांनी वस्तू बदलली, तत्त्व बरोबर ओळखलं.

आता कावेरीच्या गावांत चित्रीकरण करू पाहणाऱ्या मुलांपुढचा प्रश्न आणखी सोपा झाला आहे. घरी न करता येणारी गोष्ट म्हणजे भिंग आणि त्यामागची उजेड टिपणारी चिप, आणि ती प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये आली. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाला दक्षिणेकडून लागून असलेल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात चिन्न वीरमंगलम नावाचं गाव आहे. तिथल्या एका शेतकरी कुटुंबातल्या माणसांनी २०१८मध्ये यूट्यूबवर ‘व्हिलेज कुकिंग चॅनेल’ सुरू केलं. उघड्या रानात, चुलीवर, मोठमोठ्या भांड्यांतला स्वयंपाक. स्टुडिओ नाही, वरून पडेल तो सूर्याचा उजेड. २०२१मध्ये या वाहिनीचे एक कोटी वर्गणीदार झाले. तमिळमध्ये तो टप्पा गाठणारी ती पहिली.

उन्हाचंच पाहा. दुपारचा तंजावरी सूर्य माणसाच्या डोळ्यांखाली काळे खड्डे पाडतो. चार बांबूंच्या चौकटीवर पांढरी वेष्टी, म्हणजे तमिळ धोतर, ताणून डोक्यावर धरली की तोच उजेड मऊ होतो. समोरून थर्माकोलचा पांढरा तुकडा धरला की सावलीची बाजू उघडते. मोठे चित्रपटही थर्माकोल वापरतात, त्यात कमीपणा नाही. फोन हातात धरण्याऐवजी भाताच्या तुसाने सैलसर भरलेल्या पिशवीवर टेकवला तर तो पिशवीत रुतून बसतो आणि चित्र हलत नाही. बांधावर, ओट्यावर, ट्रॅक्टरच्या बॉनेटवर कुठेही ती पिशवी चालते.

आवाजाच्या बाबतीत मात्र मी काटकसर करायला सांगणार नाही. चित्र थोडं धूसर असलं तरी लोक पाहतात, पण बोलणं कळलं नाही की बंद करतात. या प्रदेशात शेतं सपाट आणि समुद्र जवळ, त्यामुळे वाऱ्याला अडवायला काही नसतं. फोनचा माइक बोलणाऱ्यापासून दहा फुटांवर असेल तर त्यात वारा आणि पंपाची घरघर एवढंच भरतं. तेव्हा हाताशी थोडेच पैसे असतील तर स्टँड आणि दिवे घरी करावेत आणि ते पैसे कॉलरला लावायच्या तारेच्या माइकवर घालावेत. त्याच्यावर स्पंजची टोपी बसवावी, आणि वारा जोराचा असेल तर बोलणाऱ्याने वाऱ्याकडे पाठ करून उभं राहावं.